मात्रेतली खाली

मनोविकारांवरच्या औषधांविषयी वाचताना एका जर्मन डॉक्टरांची मोजपट्टी सापडली, आणि ‘मात्रा’ या शब्दाने मला पछाडलं. हान्स-योआखिम हाझे 1950च्या दशकापासून रुग्णांचं हस्ताक्षर पाहत. औषध वाढवत नेलं की एका टप्प्यावर अक्षर आखडायचं, बारीक व्हायचं. अंग उघडपणे ताठरण्याच्याही आधी. हाझे म्हणत, हाच उंबरठा. याच्या अलीकडे औषध लागू पडत नाही आणि फार पलीकडे नेऊन उपयोग नाही.

औषधाचं माप ती मात्रा, अक्षरावरची रेघ तीही मात्राच. मूळ धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. त्यावर दुमत नाही. वाद पुढे आहे. मापाचं नाव मराठीत थेट औषधालाच कसं चिकटलं? वैद्य मोजून देतो म्हणून, असं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. काढाही मोजूनच देतात, पण त्याला कोणी मात्रा म्हणत नाही. मात्रा म्हणजे हेमगर्भासारखी, सहाणेवर मधात उगाळून चाटवायची. तिच्यात सोनं असतं, पारा असतो. दोन वेढे जास्त झाले तर जिवाशी खेळ. जिथे माप चुकणं परवडत नाही तिथे मापानेच वस्तूचं नाव बळकावलं, असं मी मानतो.

हाझेंच्या उंबरठ्याचं पुढे काय झालं? या जातीचं क्लोरप्रोमाझिन हे औषध पॅरिसमध्ये 1952 सालीच आलं होतं; 1970च्या दशकाच्या मध्यावर ही औषधं मेंदूत डोपामिन या रसायनाचा संदेश घेणारे डी-2 रिसेप्टर अडवतात हे दिसलं. 1991 साली मॅकेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी, अक्षराऐवजी किंचित ताठरपणा तपासून, हॅलोपेरिडॉल या तशाच औषधाचा उंबरठा काढला. तो रोज सरासरी 4 मिलिग्रॅमच्या आत निघाला. त्याहून कितीतरी पट जास्त देऊनही भ्रम-भासांत अधिक सुधारणा झाली नाही. 2000 साली शितिज कपूर यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की सुमारे 65 टक्के रिसेप्टर व्यापले की गुण येतो आणि 78 टक्क्यांपुढे ताठरपणा. म्हणजे हाझे जवळ पोचले होते, पण गुण आणि ताठरपणा यांना त्यांनी एकाच दोरीने बांधलं. क्लोझापिन या औषधाने ती दोरी तोडली: अंग न ताठरता गुण येतो.

आता तिसरा अर्थ, मला सगळ्यांत प्रिय. तबल्यात मात्रा म्हणजे काळाचं माप. तीनतालात सोळा मात्रा, नववीवर खाली, म्हणजे बिनवजनाची, रिकामी जागा. गोळीच्या मात्रेत खाली असते का? 2008 साली आन-नोएल समाहा आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हेच पाहिलं. काहींना त्वचेखालच्या पंपातून संथ, अखंड औषध. काहींना इंजेक्शनने, म्हणजे चढ आणि उतार. अखंड धारेचा परिणाम काळानुसार ओसरला. सतत अडवलेल्या मेंदूने डी-2 रिसेप्टर वाढवले होते, दार बंद केल्यावर जास्त खिडक्या काढाव्यात तसे.

विरोधी बाजू भक्कम आहे. महिन्याला एकदा टोचायची औषधं अखंडच असतात, आणि गोळ्या विसरणाऱ्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण त्यांनी कमी केलं आहे. शिवाय उंदराच्या शरीरातून हॅलोपेरिडॉल काही तासांत निघून जातं. माणसाच्या रक्तात ते निम्मं व्हायलाच जवळपास एक दिवस लागतो. उंदराची खाली माणसाला रोजच्या गोळीत मिळतच नाही. पण म्हणून खालीचा विचार सोडायचा नाही, तर तिची लांबी माणसाच्या लयीत बसवायची, असं माझं ठाम मत आहे. टोरांटोत गॅरी रेमिंग्टन यांनी 2011 साली तसा प्रयत्न केला. 35 रुग्णांपैकी काहींना एक दिवसाआड खरं औषध, मधल्या दिवशी साधी गोळी. सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे रुग्ण आधीच स्थिरावलेले होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. आपल्या मनाने गोळी थांबवणाऱ्याच्या मेंदूत मात्र वाढलेले ते रिसेप्टर एकदम मोकळे होत असावेत, आणि डोपामिन त्यांच्यावर तुटून पडत असावं.