सागरतळाखालील द्रवप्रवाहाचे संख्यात्मक प्रतिमान
महासागरी कवचातील भेगाळ बेसाल्टमधून वाहणाऱ्या समुद्रजलाच्या अभिसरणाचे संगणकीय गणन. हा प्रवाह थेट पाहता येत नाही आणि वेधनछिद्रे मोजकीच असतात. म्हणून खडकाचे जाळीसारखे लहान घटक कल्पून प्रत्येक घटकातील दाब, तापमान व वेग काढतात. त्यासाठी सच्छिद्र माध्यमातील प्रवाहवेग व दाबफरक यांचा संबंध सांगणारा डार्सीचा नियम (१८५६) आणि द्रव्यमान व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची समीकरणे वापरतात. खडकाची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) कित्येक पटींनी बदलत असल्याने तीच सर्वांत अनिश्चित राशी ठरते.

ईशान्य पॅसिफिकमधील हुआन दे फुका पर्वतरांगेच्या पूर्व पार्श्वावर सुमारे ३५ लाख वर्षे वयाचे कवच जाड गाळाखाली झाकलेले आहे. गाळातून पाणी सहज झिरपत नाही. त्यामुळे ते गाळाबाहेर डोकावणाऱ्या ग्रिझ्ली बेअर या सागरी टेकडीतून आत शिरते आणि सुमारे ५० किमी. अंतरावरील बेबी बेअर टेकडीतून उबदार होऊन बाहेर पडते, असे अँड्रू फिशर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. थंड पाण्याचा स्तंभ जड व उष्ण पाण्याचा हलका असतो; या दाबफरकामुळे प्रवाह टिकतो. जास्त पाणी वाहून नेणारी टेकडी प्रवेशद्वार बनते, हे २०१५ मधील त्रिमितीय प्रतिमानांतून स्पष्ट झाले. वेधनछिद्रांतील मोजमापांशी जुळणारे प्रतिमानच विश्वसनीय मानतात.