उस्मानाबादी शेळीची पारख

काळाभोर रंग, लोंबते कान आणि एका वेतात पुष्कळदा जुळी करडे, या खुणांवर धाराशिव आणि लातूरकडचे शेळीपालक उस्मानाबादी शेळी ओळखत आले आहेत. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी जातीचे नाव तेच राहिले. मात्र या जातीत तांबूस आणि ठिपक्यांच्या शेळ्याही असतात, आणि काळी दिसणारी प्रत्येक शेळी उस्मानाबादी नसते. शेळीपालकाच्या नजरेला शास्त्राची जोड मिळण्यासाठी आधी रक्तापर्यंत आणि मग डीएनएपर्यंत जावे लागले.

प्रथिनांचे रेणू विद्युतभारित असल्यामुळे विद्युतक्षेत्रात कमीअधिक वेगाने सरकतात. याच आधारावर स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी 1937 मध्ये रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करून दाखवली. त्यासाठी त्यांना 1948 चे नोबेल मिळाले. विद्युतसंचारण, म्हणजेच इलेक्ट्रोफोरेसिस, ही पद्धत सर्वांच्या आवाक्यात आणली ती ऑलिव्हर स्मिथीज यांनी. आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची आणि ती थंड झाली की थिजायची, ही लहानपणची आठवण त्यांच्या कामी आली. 1955 मध्ये त्यांनी बटाट्याच्या स्टार्चचे जेल वापरले. पुढे अशा जेलवर गुरे आणि शेळ्यामेंढ्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन व ट्रान्सफेरिनचे प्रकार तपासले गेले. पण हे प्रकार मोजकेच असल्याने शेजारशेजारच्या जाती त्यांवरून नीट वेगळ्या काढता येत नव्हत्या.

ही अडचण प्रकाशाने दूर केली. विशिष्ट प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश टाकण्याच्या गुणाला जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये प्रतिदीप्ती हे नाव दिले होते. 1970 च्या दशकात एथिडियम ब्रोमाइडमुळे जेलमधले डीएनएचे पट्टे अतिनील प्रकाशात नारिंगी चमकू लागले. 1989 मध्ये मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतील छोट्या अक्षरगटांच्या पुनरावृत्ती, खुणा म्हणून वापरात आल्या. त्यांचे प्रतिदीप्त रंग जोडलेले तुकडे केसासारख्या बारीक काचनळीतून विजेने ओढले जातात. लहान तुकडा आधी पोचतो, लेझर पडताच रंग उजळतो आणि दोन अक्षरांचा फरकही नोंदला जातो.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भारतीय शेळ्यांच्या जाती अशाच खुणांवर तपासल्या. त्यांत उस्मानाबादीही होती. ही चाचणी सरमिसळ किती झाली ते दाखवते, ती थांबवणे शेळीपालकाच्याच हाती असते. म्हणून जुळी देणाऱ्या शेळीचा जातिवंत बोकड आठवडी बाजारात काढण्याआधी पैदाशीसाठी राखून ठेवावा.