नाव कार्डानोचे, काम कोणाचे? : एका यंत्रभागाचा संज्ञाप्रवास

कथाबीजाचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला कर्ता, पाठ आणि प्रसार या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. यंत्रविद्येच्या इतिहासातही हाच विवेक आवश्यक ठरतो. इंजिनाचे पिळाचे बळ, म्हणजे टॉर्क, चाकांकडे नेणारा ‘कार्डन शाफ्ट’ हे त्याचे उदाहरण होय.

हे नाव जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) या इटालियन गणिती व वैद्यावरून पडले. ‘दे सुब्तिलिताते’ (१५५०) या लॅटिन ग्रंथात त्याने कडीत कडी बसवून वस्तू समतोल टांगण्याची युक्ती वर्णिली. ती आपली असल्याचे मात्र म्हटले नाही. बायझंटियमच्या फिलोच्या नावावर असलेल्या एका दौतीच्या वर्णनातही ती आढळते. हा भाग केवळ अरबी अनुवादात टिकला असून त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्याला मूळ म्हणावे, तेच अशा रीतीने अनुवादाच्या हवाली आहे.

शिवाय कार्डानोची कडी वस्तू स्थिर राखते, तर शाफ्टचा सांधा गती पुढे नेतो. हे दुसरे कार्य रॉबर्ट हुकने सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील १६७६च्या लेखनात मांडले. एकाच सांध्याने कोनातून नेलेली गती विषम होते. प्रत्येक फेरीत वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दोन सांध्यांचे कोन समान ठेवले आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत जुळवले, की ही विषमता परस्पर फिटते. फ्रेंच व जर्मन भाषांनी श्रेय कार्डानोला दिले, इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी हुकला.

मराठीशी या वस्तूचा एक धागा बेंगळूरजवळ जुळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे त्याचेच लोकप्रिय मराठी मासिक झाले. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांच्या सहभागाने १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना बेंगळूरलगतच्या बिडदी येथे उभा राहिला. तेथील क्वालिस (२०००) व इनोव्हा (२००५) मागच्या चाकांवर चालत. त्यांच्या पोटाखालून हा लांब शाफ्ट जाई. २०२२च्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये बळ पुढच्या चाकांना मिळू लागले आणि त्याची गरज उरली नाही.

गॅरेजमधील मराठीने या वस्तूला ‘प्रोपेलर शाफ्ट’ म्हटले आणि सांध्यातील अधिक-चिन्हासारख्या तुकड्याला ‘क्रॉस’. या शब्दांत कार्डानो नाही, हुकही नाही; आहेत ते केवळ कार्य आणि आकार. परभाषेतून आलेले म्हणून ते पारिभाषिक कोशाबाहेर ठेवणे योग्य नव्हे. अनेक हातांतून घडलेल्या वस्तूला एकाच कर्त्याचे नाव देण्यापेक्षा कारागिराची ही निनावी संज्ञा इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे. वस्तू वाहनांतून मागे सरू लागली, की तिचे शब्दही विरळ होतात. ते बोलणारे कारागीर आहेत तोवरच त्यांची नोंद व्हावयास हवी.