यास्मिनची गिटार आणि आपले हबशी

यास्मिन विल्यम्स हे नाव देवणीत घेतलं की पहिला प्रश्न येतो, "मुसलमान आहे का?" नाव मूळ फारसी, आपल्या घराघरातलं. पण ही मुलगी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची, कृष्णवर्णीय. गिटार मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी वाजवते, त्याच गिटारवर आफ्रिकी कलिंबा बसवते, ताल पायातल्या बुटांनी धरते. व्हिडिओ गेममधली खोटी गिटार वाजवता वाजवता ती खऱ्या गिटारकडे वळली. २०२१च्या 'अर्बन ड्रिफ्टवुड'ने तिचं नाव झालं. २०२४मध्ये 'अकेडिया' आला.

अकॉस्टिक गिटारच्या या शैलीत नाव घेतलं जातं ते बहुतेक गोऱ्या पुरुषांचं. म्हणून तिचं कौतुक होताना आश्चर्यही व्यक्त होतं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांत मुसलमानही पुष्कळ होते. त्यांतल्या उमर इब्न सईदने १८३१मध्ये आपलं चरित्र अरबीत लिहून ठेवलं. दक्षिण कॅरोलिनात गुलामांनी १७३९मध्ये बंड केलं, तेव्हा पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांचे ढोल बंद केले. तारा मात्र वाजत राहिल्या. भोपळ्याला कातडं ताणून त्यांनी बँजो घडवला, आणि बोटांची ती चाल पुढे गिटारवर उतरली. एलिझाबेथ कॉटन ही कृष्णवर्णीय बाई डावखुरी. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची. आयुष्य लोकांच्या घरी कामं करण्यात गेलं, पहिला अल्बम निघाला १९५८मध्ये, साठी ओलांडल्यावर. यास्मिन त्याच वाटेवरची आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या मुस्लिम गायक घराण्यांचा कोराही ती वाजवते.

हे सगळं दूरचं वाटेल. पण आमच्या तालुक्याला लागून बिदर आहे आणि तिथे हबशी कोट आहे, हबशी सरदारांच्या कबरींची टेकडी. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्याची तलवार आपल्याला आठवते, त्याची नहर आठवते. पण आफ्रिकेतून आलेली माणसं सूरही घेऊन आली होती. गुजरातेत रतनपूरला बाबा गोरच्या दर्ग्यावर सिद्दी आजही धमाल करतात. भोपळा लावलेलं, धनुष्यासारखं एका तारेचं त्यांचं मलुंगा अमेरिकेतल्या त्या भोपळ्याच्या बँजोचं लांबचं भावंडच म्हणायला हवं.

आणि आपण काय केलं? 'हबशी' या शब्दाची शिवी केली. इस्लाममध्ये रंगाला जागा नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. हजरत बिलाल हबशी होते आणि पहिली अजान त्यांच्या आवाजात झाली, हे आपल्या पोरांना तोंडपाठ असतं. तीच पोरं मोठी झाली की रिश्ता बघताना पहिली अट घालतात, मुलगी गोरी हवी.

यास्मिनची गिटार ऐकून टाळ्या वाजवणं सोपं आहे. आपल्याच घरातल्या सावळ्या मुलीकडे बघताना बिलाल आठवले, तर ते ऐकणं खरं.