हुंडीचा नवा मायना

निमगाव केतकीला विड्याच्या पानांचे मळे जुने. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की टपरीपुढे पाय ठेवायला जागा नसते. वारकऱ्याचे खाते एका बँकेत, टपरीवाल्याचे दुसऱ्या, मोबाइलमधले अ‍ॅप तिसऱ्याच कंपनीचे. तरी १० रुपये क्षणात पोचतात. मला यात जुनी हुंडीच दिसते. पुण्याच्या सावकाराची हुंडी काशीची पेढी वटवी, कारण तिचा मायना दोघांना ठाऊक असे.

संगणकांचे असे नव्हते. सन २०००च्या सुमारास एक्सएमएल ही सामाईक लिपी आणि सोप हा निरोपाचा मायना पुढे आला खरा, पण नियम एक आणि अर्थ दहा! म्हणून २००२ साली मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदी प्रतिस्पर्ध्यांनी मिळून डब्ल्यूएस-आय ही संस्था काढली. परिषदांतून एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी चारचौघांत बोलवून दाखवू लागले. या प्रयोगांची तयारी म्हणजे व्याह्यांची पहिली बैठकच; कागदावर जुळलेले समोरासमोर अडते.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांनी यूपीआयचा प्रायोगिक प्रारंभ केला, तेव्हा २१ बँका सामील होत्या. त्यांचे निरोपही एक्सएमएलमध्येच. निरोप वाटेत हरवला तर? रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ठरवले, की दुकानातला व्यवहार अडकल्यास ५ दिवसांत पैसे गिऱ्हाइकाला परत. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

पण पान तर तेव्हाच खाऊन झालेले! म्हणून आमचा टपरीवाला बोलक्या डबीने रक्कम पुकारल्याशिवाय विडा हाती देत नाही.