नकाशातील स्थळनाम

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात ७.० परिमाणाचा भूकंप झाला व राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. आपत्तिनिवारणातील भौगोलिक माहिती प्रणालीचा इतिहास सांगताना या घटनेचा उल्लेख हटकून येतो. परंतु तो बहुधा उपग्रहांच्या गौरवार्थ. तो गौरव अनाठायी नव्हे. उपग्रहचित्रे खुली होताच देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी त्यांवरून ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशात रस्ते, पडलेल्या इमारती व बेघरांच्या छावण्या रेखाटल्या. पूर्वी तुरळक रेषांचे असलेले शहराचे चित्र थोड्याच दिवसांत भरून आले, आणि मदतपथके तोच नकाशा वापरू लागली.

तथापि आकाशातून रस्ता दिसतो, त्याचे नाव दिसत नाही; आणि संकटात सापडलेला मनुष्य अक्षांश-रेखांश सांगत नाही, तो गल्लीचे, चर्चचे, शाळेचे नाव सांगतो. ४६३६ या क्रमांकावर येणारे मदतीचे लघुसंदेश मुख्यतः हैतीच्या क्रेओल भाषेत असत. १९८७ च्या राज्यघटनेने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले होते. परकी पथकांतील बहुतेकांस मात्र ती अवगत नव्हती. परदेशी स्थायिक झालेल्या हैतीयांनी हे संदेश इंग्रजीत उतरविले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांतील स्थळे स्वतःच्या परिचयाने ओळखून नकाशावर दाखविली. या कामास केवळ भाषांतर म्हणणे अपुरे होय. जेथे नाव ओळखले गेले नाही, तेथे संदेश हाती येऊनही पथकास जाण्याचे ठिकाण उरत नव्हते.