छापखान्यात करडी शाई नसते

काही वर्षांपूर्वी आमच्या गुरुजींच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. मोबाइलवर आलेला त्यांचा फोटो मी तसाच छपाईला पाठवला. पडद्यावर चेहरा प्रसन्न होता. अंक हातात आला, तर चष्म्यामागचे डोळे काळ्या शाईत बुडालेले! त्यांच्या पत्नीने पान उघडलं आणि न बोलता मिटलं. चूक माझीच होती. ती कळण्यासाठी मला थोडं इतिहासात जावं लागलं.

साध्या काळ्या छपाईत करडी शाई नसते. शाई लागते, नाहीतर कागद कोरा राहतो. मग गालावरची फिकट सावली छापायची कशी? १८५२ मध्ये इंग्लंडच्या फॉक्स टॅलबटने जाळीदार कापडातून प्रतिमा घेण्याची कल्पना पेटंटमध्ये मांडली. १८८२ मध्ये जर्मनीत मायझेनबाखने रेषांच्या पडद्याची पद्धत व्यवहारात आणली. चित्र ठिपक्यांत फोडायचं, गडद जागी मोठे ठिपके, फिकट जागी लहान. लांबून पाहताना करडा रंग आपला डोळा तयार करतो. हाच हाफटोन.

आपल्याकडे हे काम शास्त्र म्हणून हाती घेतलं कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातली त्यांची चित्रं लाकडी ठशांनी बिघडवली होती. त्यांनी यंत्रसामग्री मागवली आणि १८९५ मध्ये स्वतःचा उद्योग काढला. जाळी किती अंतरावर ठेवायची, कॅमेऱ्याचं छिद्र केवढं हवं, हे अंदाजावर न सोडता त्यांनी गणिताने मांडलं. त्यांचे लेख लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात छापून आले.

आता आपल्या डिजिटल फोटोकडे येऊ. चांगल्या कागदावर साधारणपणे इंचाला १५० ओळी ठिपके येतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, असा संकेत तिथूनच आला. ९०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३ इंचांपर्यंतच नीट छापतो. संगणकावर आकडा वाढवला म्हणून हरवलेला तपशील परत येत नाही. दुसरं, शाई कागदात पसरते. वर्तमानपत्राच्या कागदावर ५० टक्क्यांचा ठिपका ७० टक्क्यांच्याही पुढे जातो. गुरुजींचे डोळे तिथेच गेले! म्हणून चेहऱ्यावरच्या सावल्या आधीच थोड्या उजळायच्या. तिसरं, पडदा प्रकाशाच्या तीन रंगांनी बनतो, रंगीत छपाई चार शायांनी. पडद्यावरचा झगमगता निळा-हिरवा कागदावर मंदच येणार. कागद कोणता, हे छापणाऱ्याला आधी विचारा आणि नमुनाप्रत पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

आयुष्यभर मी वर्गात 'आभास आणि वस्तू' शिकवलं. पडद्यावरच्या आभासाला मात्र मीच फसलो. छपाईत काहीतरी हरवणारच; काय हरवू द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. पुढच्या आवृत्तीत मी फोटोतली मागची भिंत जाऊ दिली, डोळे राखले. या वेळी बाईंनी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.